सातव्या हेन्रीचे मुचलके

आजच्या भागाची सुरुवात एका आकड्याने करतो. ७०,६५० पौंड.

साल १५०७. इंग्लंडच्या केंट परगण्यातला एक बडा सरदार, जॉर्ज नेव्हिल, म्हणजे लॉर्ड बर्गवेनी, राजाच्या कोर्टात उभा आहे. गुन्हा काय? त्याने परवानगी न घेता पदरी माणसं बाळगली. आपला बिल्ला लावून फिरणारी, हाक मारली की काठ्या-तलवारी घेऊन धावणारी माणसं. एकूण ४७१. कायद्याने दंड ठरलेला होता: दर माणसामागे, दर महिन्याला ५ पौंड. आणि हा प्रकार चालला होता ३० महिने. फोनवर कॅल्क्युलेटर असेलच, गुणाकार करून बघा. ४७१ गुणिले ५ गुणिले ३०. बरोबर ७०,६५०.

हा आकडा किती मोठा होता? त्या काळात एखाद्या चांगल्या गवंड्याला दिवसाला साधारण ६ पेन्स मिळायचे. पौंडात २४० पेन्स. म्हणजे ५ पौंड ही त्या गवंड्याची २०० दिवसांची मजुरी झाली. आणि दुसरीकडून बघायचं तर खुद्द राजाचं सगळं वार्षिक उत्पन्न तेव्हा सुमारे १,१३,००० पौंड होतं. एका माणसावर ठोठावलेला दंड, राजाच्या वर्षाच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त!

बर्गवेनीने हे पैसे भरले का? नाही. भरूच शकत नव्हता, आणि हे राजालाही पक्कं ठाऊक होतं. राजाने 'दया' दाखवली. दंड ५,००० पौंडांवर आणला. वर्षाला ५०० असे दहा वर्षांचे हप्ते लावून दिले. वर अट घातली की केंट, सरे, ससेक्स आणि हॅम्पशायर या चार परगण्यांत राजाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. ज्या मुलखात त्याची जमीन, त्याची माणसं, त्याचा दरारा, तिथेच त्याला बंदी.

हा राजा म्हणजे सातवा हेन्री. ट्यूडर घराण्यातला पहिला. सहा लग्नं केलेला तो आठवा हेन्री, हा त्याचा बाप. मुलावर सिरीज निघाल्या, सिनेमे निघाले. बापाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही, कारण त्याची बहुतेक मर्दुमकी हिशेबाच्या वह्यांमध्ये आहे. मला विचाराल तर बापच जास्त भयंकर होता.

आता हा असा का झाला, ते थोडक्यात बघू. हेन्री जन्मला तो १४५७ साली, पेम्ब्रोकच्या किल्ल्यात. बाप त्याच्या जन्माआधीच वारलेला. आई मार्गारेट बोफर्ट, वय १३ वर्षं. हो, तेरा. इंग्लंडच्या गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांची मारामारी तेव्हा जोरात होती. १४७१ मध्ये हेन्रीला देश सोडून पळावं लागलं. पुढची १४ वर्षं ब्रिटनी आणि फ्रान्समध्ये, दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. तिथून तो १४८५ मध्ये परत आला आणि २२ ऑगस्टला बॉसवर्थच्या लढाईत तिसऱ्या रिचर्डला मारून राजा झाला.

पण गादीवरचा त्याचा हक्क अगदी पातळ होता, आईकडून आलेला. त्याच्याहून जवळचे वारस जिवंत होते. इंग्लंडमध्ये तेव्हा कायमचं सैन्य नव्हतं, पोलीस नव्हते. राजाच्या अंगरक्षकांची एक छोटी तुकडी त्याने १४८५ मध्ये उभारली, बस. बंड झालं तर माणसं कुठून आणायची? सरदारांकडूनच. आणि बंड करणार कोण? तेही सरदारच.

म्हणून त्याने पहिल्याच पार्लमेंटमध्ये एक डाव टाकला, ज्याला तोड नाही. त्याने आपली कारकीर्द लढाईच्या आदल्या दिवसापासून, २१ ऑगस्टपासून मोजायला लावली. याचा अर्थ लक्षात आला का? २२ तारखेला जे लोक त्या वेळच्या राजाच्या बाजूने लढले, ते एका रात्रीत राजद्रोही झाले. राजद्रोही ठरवून जमीनजुमला जप्त करायचा, वारसांचाही हक्क बुडवायचा, असा कायदा पार्लमेंटमध्ये माणसाचं नाव घेऊन करता यायचा. हेन्रीच्या कारकिर्दीत अशा माणसांची संख्या शंभराच्या वर गेली.

त्यातला एक थॉमस हॉवर्ड, सरेचा अर्ल. बॉसवर्थला रिचर्डच्या बाजूने लढला. तीनएक वर्षं टॉवरच्या तुरुंगात काढली. मग १४८९ मध्ये त्याला सोडला, पदवी परत दिली आणि उत्तरेकडे राजाच्या कामाला लावला. जमिनी? त्या एकदम नाही मिळाल्या. चांगलं काम केलं की थोड्या, आणखी चांगलं केलं की आणखी थोड्या. ही पद्धत लक्षात ठेवा, कारण हेन्रीने पुढे अख्ख्या देशाला हीच लावली.

बरं, पैसा यायचा कुठून? दोन मोठे झरे. एक, राजाच्या स्वतःच्या जमिनी. आधीच्या राजांनी वाटून टाकलेल्या जमिनी त्याने कायदा करून परत घेतल्या, जप्त केलेल्या त्यात घातल्या, खंड चोख वसूल केला. शेवटी शेवटी यातून वर्षाला ४०,००० पौंडांच्या वर येत होते. दुसरा झरा म्हणजे जकात, मुख्यतः लोकर आणि कापडावरची. ती पहिल्या पार्लमेंटने त्याला तहहयात देऊन टाकली होती. व्यापार वाढला की जकात वाढायची, म्हणून व्यापाराच्या तहांमध्ये त्याला फार रस.

खरी गंमत पुढे आहे. सरकारी पैशाचं अधिकृत खातं होतं एक्सचेकर. जुनं, काटेकोर आणि अतिशय संथ. हेन्रीने हळूहळू बहुतेक पैसा तिथून वळवून आपल्या 'चेंबर'कडे, म्हणजे खासगीकडे आणला. खजिनदार जॉन हेरन वह्या लिहायचा आणि राजा स्वतः त्या तपासायचा. पानापानाखाली राजाची सही. कल्पना करा, देशाचा प्रमुख स्वतः बसून पासबुक तपासतोय. याच वह्यांमध्ये १४९७ च्या ऑगस्टमध्ये १० पौंड बक्षिसाची नोंद आहे, 'नवीन बेट शोधणाऱ्या'साठी. तो माणूस म्हणजे जॉन कॅबट, नुकताच उत्तर अमेरिकेचा किनारा बघून आलेला. दहा पौंड! (नंतर वर्षाला २० पौंडांचं पेन्शनही दिलं, अगदीच कंजूष नव्हता.)

राजाकडे माणसांबद्दलच्या टिपणांची एक खासगी वहीही होती म्हणतात. कोणावर नजर ठेवायची, कोणाला काय विचारायचं, वगैरे. फ्रान्सिस बेकनने हेन्रीचं चरित्र लिहिलं त्यात किस्सा आहे की राजाच्या पाळीव माकडाने एकदा ती वही फाडून टाकली आणि दरबारी मनातल्या मनात खूश झाले. बेकनने हे शंभरेक वर्षांनी लिहिलं, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही. पण दरबार खूश झाला असणार यात मला शंका नाही.

तुम्ही म्हणाल, मग कर का नाही लावला? कर लावायचा तर पार्लमेंट बोलवावं लागे आणि कर फक्त युद्धासारख्या कारणासाठीच मागता येई. आणि कराचा अनुभव वाईट होता. १४८९ मध्ये यॉर्कशायरमध्ये कराविरुद्ध लोक उठले आणि राजाच्या बाजूने बोलायला गेलेल्या नॉर्थम्बरलंडच्या अर्लला त्यांनी ठार मारलं. १४९७ मध्ये तर त्याहून मोठं. स्कॉटलंडशी लढायला कर लावला, तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॉर्नवॉलमध्येही. तिथले लोक म्हणाले, उत्तरेतल्या भांडणाचे पैसे आम्ही का द्यायचे? मायकल अन गॉफ नावाचा लोहार आणि थॉमस फ्लामँक नावाचा वकील पुढे झाले. हजारो माणसं देश ओलांडत थेट लंडनच्या वेशीवर, ब्लॅकहीथपर्यंत पोचली. १७ जूनला राजाने त्यांना मोडून काढलं, दोघा पुढाऱ्यांना मारलं. पण हेन्री धडा शिकला. २४ वर्षांच्या कारकिर्दीत त्याने सात वेळा पार्लमेंट बोलावलं आणि १४९७ नंतर फक्त एकदा, १५०४ मध्ये.

युद्धातूनही पैसे काढायला तो शिकला होता. १४९२ मध्ये फौज घेऊन फ्रान्समध्ये उतरला, बूलोनला वेढा घातला आणि महिन्याभरात तह करून परत. फ्रान्सने ७,४५,००० क्राउन द्यायचं कबूल केलं, वर्षाला ५०,००० प्रमाणे. युद्धाच्या नावाने घरी पैसे गोळा केलेले होतेच. दोन्ही बाजूंनी कमाई.

आता मुख्य गोष्ट. मुचलका.

हा शब्द तुम्ही बातम्यांमध्ये ऐकता: 'अमुक रुपयांच्या वैयक्तिक मुचलक्यावर सुटका'. हेन्रीचं हत्यार नेमकं हेच होतं. कागदावर लिहून घ्यायचं की मी राजाचे अमुक हजार पौंड देणं लागतो; पण मी नीट वागलो, बोलावल्यावर हजर झालो, राजाशी इमानी राहिलो, तर हे देणं लागू नाही. आज एक पैसाही द्यायचा नाही. फक्त सही.

ऐकायला साधं वाटतं ना? पण विचार करा. 'नीट वागला की नाही' हे ठरवणार कोण? राजा. शिवाय जामीनदार लागायचे. म्हणजे तुमचा मेहुणा, तुमचा मित्र, शेजारचा जमीनदार, सगळ्यांनी तुमच्यासाठी आपापल्या मुचलक्यावर सह्या केलेल्या. तुम्ही बंडाचा नुसता विचार केला तरी ते बुडणार. मग तुमच्यावर पाळत ठेवायला राजाला हेर नेमायची गरजच काय? तुमचा मेहुणाच रात्री येऊन सांगेल, 'भाऊजी, जरा जपून, माझीही सही आहे तिथे.'

या काळात इंग्लंडमध्ये सरदारांची ६२ घराणी होती. त्यांपैकी साधारण ४६ घराणी कधी ना कधी राजाच्या अशा तावडीत सापडली: कुणावर राजद्रोहाची जप्ती, बहुतेकांच्या मानेवर मुचलके. म्हणजे चारातली तीन. माउंटजॉय नावाचा लॉर्ड तर राजाचा विश्वासू माणूस, पण किल्ल्याची जबाबदारी देताना त्याच्याकडूनही मुचलका आणि जामीनदार घेतले गेले. एका सरदाराने, नॉर्थम्बरलंडच्या पाचव्या अर्लने, राजाच्या ताब्यातली एक वारसदार मुलगी पळवली असा आरोप झाला. अल्पवयीन वारसांचं पालकत्व राजाकडे असे, त्यांची लग्नं लावून देण्यातही राजाला पैसे मिळत. म्हणजे मुलगी पळवणं हा राजाच्या लेखी मालमत्तेचा गुन्हा. दंड, १०,००० पौंड. त्या मुलीला काय वाटलं, याची नोंद अर्थातच कुणी ठेवली नाही.

हे सगळं सांभाळायला १४९० च्या दशकात राजाच्या सल्लागारांपैकी कायदा जाणणाऱ्यांचं एक छोटं मंडळ तयार झालं. आधी त्याचा म्होरक्या होता रेजिनाल्ड ब्रे, राजाच्या आईचा जुना कारभारी. तो १५०३ मध्ये वारला. मग पुढे आले दोन वकील: रिचर्ड एम्पसन आणि एडमंड डडली. यांपैकी कुणीही स्वतः बडा सरदार नव्हता. राजाने वर आणलेली, राजावरच अवलंबून असलेली हुशार माणसं. या मंडळात ज्युरी नसे. तुम्हाला बोलावणं यायचं, जायचं, आणि 'तुमच्या आजोबांनी अमुक जमीन घेताना राजाची फी बुडवली होती' असं काहीतरी ऐकायचं.

नेमकी याच काळात राजाच्या घरात माणसं गेली. एप्रिल १५०२ मध्ये थोरला मुलगा आर्थर, वय १५. फेब्रुवारी १५०३ मध्ये राणी एलिझाबेथ, बाळंतपणानंतर, तिच्या ३७ व्या वाढदिवशी. आता वारस म्हणून एकच मुलगा उरला, अकरा वर्षांचा हेन्री. राजाची तब्येतही ढासळू लागली. मला वाटतं, या राजाचा कारभार समजून घ्यायचा तर हे मृत्यू विसरून चालत नाही. याआधीही मुचलके होते, पण यानंतर त्यांचा पूर आला. भीती वाढली तसे कागद वाढले.

आणि हे फक्त सरदारांपुरतं राहिलं नाही. लंडनमधला एक दुकानदार, थॉमस सनिफ. कापडचोपड, टोप्या, फिती विकणारा. डडलीच्या एका माणसाने त्याच्यावर एक तान्हं मूल मारल्याचा आरोप ठेवला आणि सांगितलं, राजाला ५०० पौंड दे, सुटशील. पाचशे! सनिफ म्हणाला, मी काही केलेलंच नाही. मग तुरुंग, मग दुकानातल्या मालावर टाच. बर्गवेनीने निदान ४७१ माणसं तरी पदरी बाळगली होती. सनिफने काय केलं होतं? त्याच्याकडे थोडेफार पैसे होते, एवढंच.

इथे इतिहासकारांचं एक जुनं भांडण आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला जेफ्री एल्टन म्हणाले, हेन्री कडक होता पण कायद्याच्या आत होता. लोभी वगैरे नंतरच्यांनी रंगवलं. कूपर नावाच्या इतिहासकारांनी उलट मांडलं की कायद्याचं फक्त नाव होतं, आत लूट होती. मी स्वतः थोडा तिसरीकडे आहे. लोभ हे कारण मला पुरेसं वाटत नाही. ज्याला पैसाच हवा तो ७०,००० चा दंड लावून ५,००० वर समाधान मानत नाही. राहिलेले ६५,००० हेच त्याच्या कामाचे होते. ते वसूल केले तर संपले. न करता टांगून ठेवले तर बर्गवेनी जन्मभर मान खाली घालून चालणार. पण म्हणून सनिफच्या बाबतीत राजाला सूट द्यावी का? तिथे तर सरदार नाही, बंडाची शक्यता नाही, काही नाही. सरदारांना वचक बसवायला उभी केलेली यंत्रणा एकदा चालू झाली की तिला रोज खाद्य लागतं, आणि दुकानदार सरदारांपेक्षा स्वस्तात सापडतात.

आणि हेही मान्य करायला हवं की राज्य टिकलं. दोन तोतये उभे राहिले, लँबर्ट सिम्नेल आणि पर्किन वॉरबेक. पहिल्याला राजाने स्वयंपाकघरात कामाला लावलं, दुसऱ्याला शेवटी फाशी दिली. २१ एप्रिल १५०९ ला राजा रिचमंडच्या राजवाड्यात मेला तेव्हा गादी मुलाकडे गेली आणि मुलाकडेच राहिली. १४२२ नंतर इतकी निर्वेध सत्तापालट झाली नव्हती. तरी दरबाऱ्यांनी राजाचा मृत्यू दोन दिवस लपवून ठेवला. आतल्या खोलीत प्रेत आणि बाहेर सगळं नेहमीसारखं.

तिजोरीत किती होतं? बेकनने १८ लाख पौंड लिहिलंय. आजचे इतिहासकार हे मानत नाहीत. जे होतं ते बरचसं दागिने आणि सोन्याचांदीच्या भांड्यांत.

मृत्यूची बातमी फुटली आणि २४ एप्रिलला एम्पसन आणि डडली अटकेत. लंडन खूश. महिन्याभरात लॉर्ड माउंटजॉयच्या नावाने विद्वान इरॅस्मसला एक पत्र गेलं: नवा राजा आलाय, सगळीकडे आनंदीआनंद आहे, लोभ हद्दपार झालाय, लवकर ये. जुन्या राजाला स्वतः मुचलका लिहून दिलेला माणूस, त्याचा आनंद खोटा नसावा.

आता अडचण अशी की डडली आणि एम्पसनने जे केलं ते राजाच्या हुकमाने, राजाच्या सहीने. त्यासाठी फाशी कशी देणार? मग राजद्रोहाचा आरोप रचला, की राजा मरत असताना यांनी हत्यारबंद माणसं जमवली. दोषी ठरले.

टॉवरमध्ये बसून डडलीने एक यादी लिहिली. मेलेल्या राजाने मृत्युपत्रात म्हटलं होतं की माझ्याकडून कुणावर अन्याय झाला असेल तर त्याची भरपाई करा. त्याचा आधार घेऊन डडलीने मृत्युपत्राच्या कारभाऱ्यांना कळवलं की कोणाकोणाकडून जास्त घेतलं गेलं. चौऱ्याऐंशी प्रकरणं. त्यात सरदार आहेत, व्यापारी आहेत, धर्मगुरू आहेत. सनिफही आहे. त्याच कागदात डडलीने लिहिलंय की पुष्कळ माणसं आपल्या मुठीत असावीत, अशी राजाची इच्छाच होती. हा कागद १९७२ मध्ये पूर्ण छापला गेला आणि एल्टन-कूपर वादाला नवं वळण मिळालं, कारण आता साक्ष खुद्द वसुली करणाऱ्याची होती.

१७ ऑगस्ट १५१० ला टॉवर हिलवर दोघांची डोकी उडवली. नव्या राजाने बरेच मुचलके रद्द केले, नॉर्थम्बरलंडचा दहा हजारांचा दंडही माफ झाला. पण सगळेच कागद फाडले नाहीत. काही वसुली पुढे शांतपणे चालूच राहिली.

पुढच्या भागात बापाने जमवलेलं मुलाने फ्रान्सच्या लढाईत कसं उडवलं ते बघू. भेटूच.